सेप्टिक टाकी उपसली तरी पुन्हा तुंबते, वास मारते: घरच्या रंगकामाच्या पाण्याचा बंदोबस्त

टाकी उपसून महिना होत नाही तोच संडासाचं पाणी हळू उतरायला लागतं. मोरीच्या जाळीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि शोषखड्ड्याभोवतीची जमीन भर उन्हाळ्यातही ओली राहते. पुन्हा गाडी बोलावली जाते, पुन्हा पैसे जातात आणि पुढच्या महिन्यात तेच. ज्या घरात बाटिक, बांधणी, ब्लॉक प्रिंट, गणपतीच्या मूर्ती किंवा तांब्या-पितळेचे दागिने असं काही चालतं आणि त्या कामाची मोरी संडासाच्याच टाकीला जोडलेली असते, तिथे हा फेरा हमखास दिसतो. गाडी टाकी रिकामी करते. बिघाड मात्र बहुतेक वेळा टाकीच्या पुढे, मातीत झालेला असतो, आणि तो उपशाने जात नाही.

आधी पातळी बघा

झाकण उघडताना दोन माणसं हवीत. विडी-सिगारेट, दिवा, ठिणगी उडवणारं कुठलंही यंत्र जवळ नको. झाकण सरकवल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या, तोंड आत घालून वाकू नका, लहान मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा. आत कोणीही उतरायचं नाही, पडलेली वस्तू काढायलाही नाही. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणसं त्याच क्षणी कोसळतात. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता बाहेर जाणाऱ्या पाईपकडे बघा. टाकीतलं पाणी त्या पाईपच्या तळाच्या कडेला टेकलेलं असेल तर पातळी बरोबर आहे. तरीही संडास तुंबत असेल तर अडथळा आत येणाऱ्या लाइनीत आहे. अशा घरांत तो पीओपीचा गोठलेला थर किंवा बाटिकचं मेण असतो. पॅराफिन मेण साधारण ५० ते ६० अंशांना वितळतं. उकळतं पाणी मोरीत ओतलं की ते दोन-तीन मीटर आत जातं आणि गार पाईपला आतून चिकटतं. त्यावर ब्रशचे केस, दोरे, चिखल बसत जातो.

पाणी पाईपच्या वर चढलेलं असेल तर अडथळा पुढे, शोषखड्ड्यात आहे. याची पक्की खूण उपशाच्या वेळी मिळते. गाडीची नळी टाकीत असताना बाहेर जाणाऱ्या पाईपवर नजर ठेवा. त्यातून पाणी उलटं टाकीत यायला लागलं तर शोषखड्डा काठोकाठ भरलेला आहे आणि माती पाणी घेत नाही. ही दोन मिनिटांची तपासणी फुकट होते, आणि बहुतेक घरी त्या वेळी कोणी तिथे उभंच नसतं.

पाणी पाईपच्या बरंच खाली असेल तर टाकी गळते आहे. गवंड्याला बोलवा, रसायनांचा विचार नंतर.

हे सगळं पावसाळ्यात बघून उपयोग नाही. जुलैत कोकणातला कुठलाही शोषखड्डा भरलेलाच दिसतो. जानेवारी ते मे या काळात जे दिसेल ते खरं.

गाळही मोजून घ्या. दीड-दोन मीटरच्या काठीच्या खालच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळा, काठी सरळ तळापर्यंत न्या, मिनिटभर धरून सावकाश वर काढा. टॉवेल जिथवर काळा झाला तेवढा साका. वरची साय आणि तळाचा साका मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त झाले की उपसा करायचा. म्हणजे १ मीटर खोल पाण्याच्या टाकीत दोन्ही मिळून ३०-३५ सेंटिमीटर. पाच माणसांच्या घरात ही वेळ साधारण दोन-तीन वर्षांनी यावी. महिन्याभरात तुंबणाऱ्या टाकीत काठीवर जेमतेम चार बोटं साका दिसतो. म्हणजे टाकी भरलेलीच नव्हती.

सडक्या अंड्याचा वास कुठून येतो

संडासाच्या टाकीला थोडा वास असतोच. पण डोळे चुरचुरतील असा अंड्याचा वास, चांदीचे दागिने आणि पितळी नळ काळे पडणं, ही सल्फेटची खूण आहे. टाकीत हवा नसते. तिथले काही जिवाणू हवेऐवजी सल्फेट वापरतात आणि त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. नेहमीच्या मैल्यात सल्फेट थोडं असतं. कामाच्या मोरीतून ते तीन वाटांनी येतं.

पहिली वाट पीओपी. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. साचे धुतलेल्या पाण्यातला पीओपी टाकीच्या तळाशी दगडासारखा बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मात्र वर राहणारं स्वच्छ दिसणारं पाणीसुद्धा लिटरमागे सुमारे २ ग्रॅम जिप्सम विरघळवून घेऊन जातं. टाकीच्या जिवाणूंना तेवढं भरपूर होतं. दुसरी वाट हायड्रो, म्हणजे निळीच्या वॅटमध्ये (कापड बुडवायच्या निळीच्या पाण्यात) घालतात तो सोडियम हायड्रोसल्फाइट. तो हवेत मरून शेवटी सल्फेटच होतो. तिसरी वाट तुरटी, हिराकस (लोखंडाचं मीठ), मोरचूद (तांब्याचं मीठ). तिन्ही सल्फेटची मिठं आहेत.

हा वायू नुसता नाकाला त्रास देऊन थांबत नाही. पाण्याच्या वरच्या ओल्या काँक्रीटवर त्याचं गंधकाम्ल होतं आणि ते स्लॅब खातं. झाकण उघडल्यावर स्लॅबच्या पोटाकडे टॉर्च मारा, दुरूनच. सिमेंट पिवळट-पांढरं, ओल्या खडूसारखं मऊ झालेलं, खपल्या लोंबत असलेल्या आणि मधूनच गंजलेली सळई उघडी पडलेली दिसली, तर त्या स्लॅबवरून चालणं त्याच दिवशी बंद करा, भोवती काठ्या रोवून दोरी बांधा. अंगणातल्या स्लॅबवर मुलं खेळतात.

वास घालवायला संडासात अ‍ॅसिड ओतणं ही सगळ्यांत घातक चूक. टाकीत साठलेला सल्फाइड अ‍ॅसिड लागताच एकदम वायू होऊन बाहेर येतो, आणि तो बाथरूममध्ये येतो.

माती चोपण कशी होते

सुती कापड रिॲक्टिव्ह रंगात रंगवण्याचा नेहमीचा हिशेब घ्या. १ किलो कापड, २० लिटर पाणी, लिटरला ५० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम सोडा अ‍ॅश. म्हणजे एका खेपेला १ किलो मीठ आणि ४०० ग्रॅम सोडा. यातलं कापडात काही राहत नाही, सगळं मोरीत जातं. त्यात अर्धा किलोहून जास्त सोडियम असतं. आठवड्याला तीन खेपा धरल्या तर महिन्याला सहा-सात किलो सोडियम शोषखड्ड्याच्या मातीत उतरतं.

काळ्या मातीत पुढे काय होतं ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कालव्याच्या पट्ट्यात याच जमिनीला चोपण म्हणतात. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि मातीतल्या बारीक वाटा बुजवतात. ओली असताना लोण्यासारखी, वाळल्यावर विटेसारखी. शोषखड्ड्याच्या भिंतीची अशी माती झाली की खड्ड्यात दगड भरा, विटांचे तुकडे भरा, पाणी बाजूने जिरत नाही. पुणे-सोलापूरपासून विदर्भापर्यंत काळ्या जमिनीवरच्या घरांत उपसा करूनही टाकी तुंबते ती बहुधा याच कारणाने.

कोकणात आणि गोव्यात जांभा आहे. तिथे टाकी सहसा तुंबत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. जांभ्याच्या भेगांतून पाणी झरझर खाली जातं आणि विहिरीला मिळतं. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं, पण ते मैल्याच्या पाण्यासाठी आहे. मीठ, क्रोमियम आणि रंग मातीत कुजत नाहीत. अंतर वाढवून ते उशिरा पोचतात एवढंच. आमच्या मते जांभ्यावरचं न तुंबणारं घर हे काळ्या मातीवरच्या तुंबणाऱ्या घरापेक्षा जास्त काळजीचं आहे, कारण तिथे बिघाड दिसत नाही आणि पाणी प्यायलं जातं.

आणखी एक गैरसमज. लालभडक पाणी टाकीत जातं आणि बाहेर पडताना फिकट झालेलं असतं, म्हणून टाकीने रंग ‘खाल्ला’ असं वाटतं. ॲझो जातीच्या रंगांचा जोड हवा नसलेल्या जागी तुटतो, म्हणून रंग नाहीसा होतो. मागे ॲरोमॅटिक अमाइन नावाची द्रव्यं उरतात आणि त्यांतली काही कॅन्सरला कारण ठरणारी आहेत. डोळ्यांना पाणी निवळलेलं दिसतं, विहिरीच्या दृष्टीने ते बिघडलेलं असतं.

पाईप कापा

यावर एकच टिकाऊ उपाय आहे: कामाच्या सिंकचा पाईप टाकीच्या लाइनीपासून तोडायचा, टोकाला कॅप लावून सोल्यूशनने बंद करायचा आणि सिंकखाली २० लिटरचा रुंद तोंडाचा कॅन ठेवायचा. कॅन भरला की हात थांबतो आणि आज किती पाणी बिघडवलं ते डोळ्यांपुढे येतं. या एका बदलाने बरंच पाणी आपोआप कमी होतं.

शेजारी चार झाकणाच्या बादल्या ठेवा आणि त्यांवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: रंग-सोडा, धातू, पीओपी, अ‍ॅक्रिलिक. थिनर आणि तेल पाण्याच्या बादलीत कधीच नको, त्याला पत्र्याचा डबा. हे पाचही एकमेकांत मिसळले की कशाचाच इलाज करता येत नाही. १ ते १४ ची पीएच पट्टी आणून ठेवा. लाल-निळा लिटमस पुरत नाही, कारण तो फक्त आम्ल की अल्कली एवढंच सांगतो, किती ते नाही. हातमोजे नायट्रिलचे, डोळ्यांना गॉगल.

वाळवणीसाठी गच्चीवर किंवा अंगणात १ मीटर बाय १ मीटरची विटांची चौकट मांडा, विटा आडव्या दोन थर, आत जाड काळी ताडपत्री सुरकुती न पडता पसरा, वर बारीक जाळी. जाळी विसरलात तर पक्षी त्यात पाणी प्यायला येतात. मार्च ते मे महिन्यांत देशावर आणि विदर्भात २० लिटर पाणी, म्हणजे या चौकटीत २ सेंटिमीटर, तीन-चार दिवसांत वाळतं.

रंग-सोड्याचं पाणी

मोठा भार मूळ रंगपाण्यात आणि पहिल्या दोन धुण्यांत असतो. म्हणून वाहत्या नळाखाली कापड धुऊ नका. तीन बादल्यांत क्रमाने धुवा. पहिल्या बादलीचं पाणी वाळवणीकडे. दुसरीचं पाणी पुढच्या खेपेला पहिलीत, तिसरीचं दुसरीत. ताजं पाणी फक्त तिसऱ्या बादलीत घ्यायचं.

रंगपाण्याचा पीएच ११ च्या आसपास असतो. उघड्यावर वाळवण्याआधी तो ८ पर्यंत उतरवा, म्हणजे अंगावर उडालं तरी भाजणार नाही. ४०० ग्रॅम सोड्याला २४० ते २६० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड लागतं. किराणा दुकानात ते लिंबूफूल म्हणून मिळतं. बादली निम्मीच भरा, चमचा-चमचा घाला, कारण फेस काठावर येतो. पट्टी ८ दाखवायला लागली की थांबा.

इथेच बरेचजण चुकतात. पीएच बरोबर आला म्हणून ते पाणी टाकीत सोडतात. सायट्रिक अ‍ॅसिडने सोड्याचा दाह गेला. सोडियम एक ग्रॅमही कमी झालं नाही. मातीचं नुकसान तेवढंच होणार. तळाशी वाळलेलं रंगीत मीठ खरवडून जाड पिशवीत बांधून ठेवा. एका खेपेचं दीड-दोन किलो भरतं.

मीठच कमी लागेल अशी पद्धत धरता आली तर सगळं हलकं होतं. कापड आधी सोड्यात भिजवून पिळून, त्यावर रिॲक्टिव्ह रंग ब्रशने लावून प्लास्टिकमध्ये रात्रभर गुंडाळून ठेवलं तर मिठाची गरजच पडत नाही आणि पाणीही पावपट लागतं.

बाटिकवाले नॅप्थॉल (दोन पाण्यांत बुडवून कापडावरच तयार होणारा रंग) वापरतात, त्यांच्यासाठी एक सोपी युक्ती आहे. उरलेलं नॅप्थॉलचं पाणी आणि उरलेलं सॉल्टचं (रंगाचा दुसरा भाग, खायचं मीठ नव्हे) पाणी वेगवेगळं फेकायचं नाही. एकाच बादलीत थोडं-थोडं ओतत ढवळा. कापडावर जी क्रिया होते तीच बादलीत होते: पाण्यात गडद तंतू धरतात, मग त्यांचे गोळे होतात आणि रात्रभरात रंग तळाशी बसतो. जुन्या धोतराच्या दुहेरी घडीतून गाळा. वरची निवळी अजून रंगीत असेल तर दोघांपैकी एक कमी पडलं आहे. कपभर पाणी बाजूला घेऊन दोन्ही थेंब-थेंब घालून बघा, कोणत्याने साका धरतो ते लगेच कळतं. निवळीत कॉस्टिक आणि मीठ असतंच, तेव्हा ती वाळवणीत.

मेण काढलेलं पाणी भांड्यातच पूर्ण गार होऊ द्या. सकाळी वर पापडासारखी चकती येते, ती सुरीने सोडवून पुढच्या कामाला वापरा.

निळीची हायड्रो वॅट शक्यतो फेकूच नका. कॉस्टिक आणि हायड्रो पुन्हा घालून ती चालत राहते. टाकायचीच असेल तर आधी हायड्रो मारा. चांगली वॅट आतून हिरवट-पिवळी असते आणि वर तांबूस चमकीची साय असते. काठीने जोरात, हवा आत जाईल असं दहा-पंधरा मिनिटं घुसळा, तासाभराने पुन्हा. पिवळेपणा जाऊन सगळं निळं झालं की निळ रात्रभर तळाशी बसते. ती निळ पैसे देऊन आणलेली असते. गाळून ठेवा, पुढच्या वॅटमध्ये घाला. हायड्रोच्या पाण्यात घाईने अ‍ॅसिड ओतलं तर सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि छाती भरून येते, म्हणून आधी घुसळणं, मग पीएच. कोरड्या हायड्रोच्या डब्यात ओला चमचा गेला तर पावडर आपोआप तापते आणि पेटू शकते.

मोरचूद, फेरिक क्लोराइड आणि इतर धातू

मोरचूद बुरशी आणि जिवाणू मारतो, म्हणून तर द्राक्षाच्या आणि सुपारीच्या बागांत त्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. टाकीतल्या जिवाणूंनाही तो सोडत नाही. आणि तांबं कुजून संपत नाही: जे साक्यात बसतं ते उपशाच्या गाडीबरोबर कुणाच्या तरी शेतात पोचतं.

इलाजही बोर्डोचाच. धातूच्या बादलीत विरलेल्या चुन्याचं दूध ढवळत घाला, पीएच ८.५ ते ९ येईपर्यंत. १०० ग्रॅम मोरचुदाला शुद्ध चुना ३० ग्रॅम पुरतो. बाजारातल्या चुन्याला ४० धरा. निळं पाणी आधी गढूळ होतं, मग त्यात फिकट निळ्या-हिरव्या दह्यासारख्या गुठळ्या धरतात आणि बादली न हलवता ठेवली की त्या हळूहळू खाली उतरतात. काही तासांत वर बोटभर, मग वीतभर स्वच्छ निवळी दिसते. बोर्डो तयार झालं का हे बघायला शेतकरी लोखंडी विळा बुडवतो. तसाच इथे घासून लखलखीत केलेला लोखंडी खिळा निवळीत मिनिटभर धरा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. खिळा साफ निघाला तरी निवळी टाकीत नको, वाळवणीत.

हे फसतं ते दोन ठिकाणी. बादलीत अमोनिया गेला असेल तर पाणी गर्द निळं होतं आणि तांबं विरघळलेलंच राहतं. सायट्रिक अ‍ॅसिड गेलं असेल तरी तेच; ते तांब्याला धरून ठेवतं. म्हणून दागिने उजळायला वापरलेलं लिंबूफुलाचं पाणी या बादलीत मिसळू नका, वेगळं वाळवा.

तांब्या-पितळेवर नक्षी कोरायचं फेरिक क्लोराइड धातूचा पाईपही खातो आणि वापरल्यानंतर त्यात तांबं असतं. बादली फक्त एक तृतीयांश भरा, कारण धुण्याचा सोडा घातल्यावर फेस भसाभसा वर येतो. चिमूट-चिमूट सोडा, पीएच ७ ते ८, रात्रभर निवळण, तपकिरी साका कापडातून गाळून वाळवणं.

बायक्रोमेट, म्हणजे नारिंगी खड्यांचा क्रोमचा मॉर्डंट (कापडावर रंग धरून ठेवणारं द्रव्य), चुन्याला दाद देत नाही. त्याचं क्रोमियम चुन्याच्या पाण्यातही विरघळलेलंच राहतं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे; चिमूटभर बायक्रोमेट हजारो लिटर पाणी त्या रेषेच्या वर नेतं. घरात हा वापरू नये, एवढंच सांगणं आहे. तुरटीवर रंग छान धरतो. सायनाइडच्या प्लेटिंगचं नावही घरात नको, त्यात अ‍ॅसिड मिसळलं तर खोलीतला माणूस बाहेर येत नाही.

वाळलेला साका घट्ट झाकणाच्या जाड बरणीत भरा आणि बरणीवर नाव आणि तारीख लिहा. रंगीत मिठाच्या पिशव्याही तशाच. घनकचऱ्याच्या नियमांत अशा घरगुती घातक कचऱ्याची वेगळी वर्गवारी आहे. वॉर्ड ऑफिसात किंवा नगरपालिकेत तो कुठे आणि कोणत्या दिवशी घेतात ते विचारा. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांत कारखान्यांचा माल जातो. ओळखीचं परवानाधारक प्लेटिंग युनिट असेल तर त्यांच्या मालाबरोबर तुमची बरणी देता येते का ते विचारून बघा. चांदीचं काम करणाऱ्यांनी नायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यातला साका फेकणं म्हणजे पैसे फेकणं. त्यातून चांदी गाळून काढणारा तो विकत घेतो.

पीओपी, अ‍ॅक्रिलिक, थिनर, रेझिन

पीओपी रबरी घमेल्यात किंवा लवचिक टबात कालवा. उरलेलं तिथेच गोठू द्या, मग टब पिळला की खपल्या सुटतात. हत्यारं आधी पुसा, मग बादलीत बुडवा. निवळी पुन्हा हत्यारं धुवायलाच वापरा. जास्त झाली तर झाडांच्या आळ्यात ओतली तरी चालते. जे जिप्सम टाकीत वास करतं तेच चोपण जमिनीला औषध म्हणून शेतकरी घालतात. आधी सोड्याचं पाणी फेकून बिघडलेल्या परसातल्या मातीला ही निवळी मानवते. शोषखड्ड्यात मात्र नाही, तिथे हवा नसते आणि पुन्हा वासच होईल.

अ‍ॅक्रिलिकचं पाणी कितीही दिवस ठेवलं तरी नीट निवळत नाही, कारण त्यातले प्लास्टिकचे कण फार बारीक असतात. आधी १ लिटरच्या बाटलीत चाचणी घ्या: छोटा चमचा, साधारण ५ ग्रॅम, दळलेली तुरटी विरघळवा, मग चुन्याचं दूध घालत पीएच ७ वर आणा. पाणी फुटलेल्या दुधासारखं झालं की प्रमाण जमलं. तेच बादलीला लावा, कापडातून गाळा, चोथा वाळवून सुक्या कचऱ्यात. ब्रश आधी कागदाला पुसला तर मुळात रंगच निम्म्याहून कमी जातो.

टर्पेंटाइन आणि थिनर पाण्यावर तरंगतात, टाकीत साय होऊन बसतात आणि त्यांची वाफ पेट घेते. झाकणाच्या काचेच्या बरणीत वापरलेलं थिनर आठवडाभर ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचं पुन्हा वापरा. जवसाच्या तेलाचे बोळे कचऱ्याच्या डब्यात चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेटतात. उन्हात पसरून कडक वाळवा.

उरलेलं इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या प्रमाणात मिसळून प्लास्टिकवर पातळ पसरवा, दुसऱ्या दिवशी टणक पत्रा सुक्या कचऱ्यात जातो. कपात जाड थर ठेवला तर तो तापून धूर काढतो. ब्लीच उघड्या बादलीत उन्हात काही दिवस राहिलं की त्याचा जोर जातो. त्यात अ‍ॅसिड किंवा अमोनिया चुकूनही नको.

टाकी आणि खड्डा पुन्हा चालू करताना

कामाचं पाणी तोडल्यावर टाकीला कसली पावडर, यीस्ट, शेण घालावं लागत नाही. रोजच्या मैल्यातूनच जिवाणू येतात आणि काही आठवड्यांत टाकी लयीत येते. रसायन येत राहिलं तर कुठलीही पावडर टिकत नाही, आणि ती विकणारा हे सांगत नाही. पुढचा उपसा करताना तळाचा थोडा साका मुद्दाम ठेवायला सांगा, तेच विरजण. टाकी पाण्याने खंगाळून धुऊ नका. झाकण उघडलेलंच आहे तर बाहेर जाणाऱ्या पाईपचा टी (इंग्रजी T आकाराचा जोड) जागेवर आहे का तेही बघा. तो गळून पडलेला असेल तर साय सरळ शोषखड्ड्यात जाते आणि बाकी सगळं नीट करूनही खड्डा बुजतो.

तपकिरी, जाडसर, भाकरीच्या पापुद्र्यासारखी साय आणि खाली करडं पाणी ही बऱ्या टाकीची खूण. सायच नसणं, पाणी रंगीत किंवा साबणासारखं निसरडं असणं म्हणजे अजून कुठून तरी रसायन येतं आहे. बेसिन, वॉशिंग मशिन, गच्चीवरची मोरी तपासा. घरातलं कोणीतरी ब्रश अजून बाथरूममध्ये धूत असतं.

चोपण झालेला शोषखड्डा मात्र सुधारत नाही. आतले दगड धुऊन काही होत नाही, कारण बिघाड भिंतीच्या मातीत आहे. नवा खड्डा घ्या, जुन्यापासून काही मीटर लांब, विहिरीपासून १८ मीटरच्या बाहेर, घरापासून ६ मीटर. खणताना अर्धी बादली पाणी तळाला ओतून बघा; तासाभरात ते हललंच नाही तर ती जागा सोडा.

विहीर किंवा बोअर असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणा आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला आकडा भिंतीवर लिहून ठेवा. ५०० च्या आतलं पाणी पिण्याला चांगलं धरतात. एखादा आकडा वर-खाली होतो, पण पाऊस नसताना चार-पाच महिने सतत चढत गेला तर शोषखड्ड्यातलं मीठ तुमच्या विहिरीला पोचलं आहे. मीटर धातू आणि रंग ओळखत नाही. त्यासाठी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अर्जात क्रोमियम, तांबं ही नावं स्वतः लिहा. नेहमीच्या तपासणीत ती असतीलच असं नाही. निकाल येईपर्यंत पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही.

जूनच्या पहिल्या पावसाआधी वाळवणीची चौकट कोरडी करून, खरवडून, ताडपत्री घडी करून आत घ्या. वाळवणीत राहिलेलं मीठ एका सरीत वाहून मातीत जातं. पावसाळ्यात मीठ-सोड्याचं काम थांबवा, नाहीतर पाणी साठवायला झाकणाचे ड्रम आधी मोजून ठेवा: महिन्याला बारा खेपा असतील तर नुसत्या रंगपाण्याचे २४० लिटर, आणि दर खेपेच्या पहिल्या धुण्याची एकेक बादली त्याहून वेगळी.